चूल कोठें मांडावी?

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांस थोडें हंसूं आलें असेल. इतिहास म्हटला कीं गड, लढाया, तह आणि वंशावळी. त्यांत चुलीला जागा कोठची? परंतु आपली भाषा निराळी साक्ष देते. मुलानें संसार थाटला कीं त्यानें चूल मांडली. भाऊ विभक्त झाले कीं त्यांच्या चुली वेगळ्या झाल्या. आणि लग्नाचें बोलावणें घरांतील लहानथोर सर्वांना असलें, कीं तें चूलबंद आमंत्रण. यांतील 'मांडणें' ह्या क्रियापदाकडे मी आपलें लक्ष वेधूं इच्छितों. चूल विकत आणून ठेवीत नसत, ती मांडीत. तोंड कोणत्या अंगास करावें, भिंतीपासून किती सोडावें, वारा कोठून येतो, जळण कोठें रचावें, हें सारें ज्ञान त्या एका शब्दांत सांठविलेलें होतें. आज आपण शेगडी विकत आणतों आणि ती जेथें मावेल तेथें ठेवतों. ह्या दोन क्रियापदांच्या मधला काळ हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

तो सांगण्यासाठीं आपणांस वेल्ह्यास घेऊन जावें लागेल. पुण्याच्या नैर्ऋत्येस, तोरण्याच्या पायथ्याशीं वेल्हें बुद्रुक हें गांव आहे. डोक्यावर तोरणा, थोड्या अंतरावर राजगड. कानद खोरें आणि गुंजण मावळ यांचा हा मुलूख. पंतसचिवांच्या भोर संस्थानांत जे पांच तालुके होते त्यांपैकीं दोहोंचीं नांवें राजगड आणि प्रचंडगड अशीं होतीं; प्रचंडगड म्हणजेच तोरणा. १९४८ सालीं संस्थान विलीन झालें. पुढें वेल्हें ह्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या तालुक्यास पुन्हां राजगड हें नांव देण्यास राज्याच्या मंत्रिमंडळानें २०२४ सालीं मान्यता दिली. सरकारें बदललीं, नांवें बदललीं. पाऊस मात्र बदलला नाहीं. आषाढांत येथें डोंगर दिसेनासा होतो आणि चार चार दिवस अंगण कोरडें होत नाहीं.

अशा पावसाच्या मुलखांत घराची रचना पावसाच्या भीतीनें होते. छपराचा उतार मोठा, भिंती जाड, खिडक्या नसल्यासारख्या, आणि एका अंगास गुरांचा गोठा त्याच छपराखालीं. ह्या घराच्या आंतल्या अंधाऱ्या भागांत चूल असे. ती घरच्या बाईच्या हातची. तांबडी माती, भाताचें तूस आणि शेण मळून ती घडवावयाची, सावलींत वाळवावयाची, आणि मग रोज सकाळीं तिला पोतेरें द्यावयाचें. पोतेरें हें केवळ सोंवळेपणाचें लक्षण नव्हे. तापून तापून मातीला ज्या बारीक भेगा पडतात, त्या रोज बुजविण्याचा तो उपाय होता. मुख्य चुलीच्या अंगाला वैल काढीत, म्हणजे पुढच्या जाळाची उरलेली धग शेजारच्या भांड्याखालीं जाई आणि एका जळणांत दोन कामें होत. चुलीमागचा उंचवटा तो भाणवस. त्यावर मिठाचें मडकें. चुलीचें तोंड दाराच्या समोर येऊं देत नसत, कारण दारांतून वाऱ्याचा झोत आला तर जाळ बाहेर लपकतो.

धुराला वाट वरून. कौलांत किंवा गवती छपरांत एखादें सानें ठेवीत. त्यांतून उजेड आंत येई आणि धूर बाहेर जाई. परंतु सगळा धूर बाहेर जावा अशी कोणाची इच्छाही नव्हती. चुलीवर बांबूची माच टांगून तिच्यावर ओलीं लांकडें आणि बियाण्याचीं कणसें सुकवीत. धुरानें वाशांना कीड लागत नसे. पावसाळ्यांत सुकें लांकूड आणि कोरडें बियाणें ह्या दोन गोष्टींवर कुटुंबाचा जीव अवलंबून, आणि दोन्ही गोष्टी धूर राखी. त्याची किंमत चुलीपुढें बसलेल्या बाईच्या डोळ्यांनीं आणि छातीनें दिली. इतिहासकारांनीं मावळच्या मावळ्यांवर पुष्कळ लिहिलें आहे. फुंकणी हातांत धरून खोकणाऱ्या त्यांच्या आयांवर फारसें लिहिलें नाहीं.

अशा घरांच्या मुलखांतून जें राज्य उभें राहिलें त्याच्या धन्याला चुलीची भीति पुरती ठाऊक होती. राजगड सुमारें पंचवीस वर्षें राजधानी होता. पुढें राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनीं चिपळूणजवळच्या छावणींतील अंमलदारांस एक पत्र लिहिलें. रयतेच्या भाजीच्या देंठासही हात लावूं नये, हा त्या पत्राचा भाग आपल्या शाळांतून सर्वांस ठाऊक असतो. त्याच पत्राचा दुसरा अर्धा भाग आगीविषयीं आहे, हें मात्र क्वचितच सांगितलें जातें. पावसाळ्यासाठीं घोड्यांच्या दाण्याचा आणि गवताचा सांठा केलेला. माणसें गवताच्या झोंपड्यांतून राहिलेलीं. कोणी भलत्याच जागीं चूल पेटवील, कोणी वारा न पाहतां आगटी करील, कोणी तंबाकू ओढील, आणि एका खोपटास आग लागली कीं सारी छावणी जाईल. मग घोडे उपाशीं मरतील, तें पाप तुमच्या माथीं. इतकेंच सांगून पत्र थांबत नाहीं. रात्रीं दिवा जळता ठेवला तर उंदीर जळती वात ओढून गवतांत नेईल, हेंही त्यांत आहे.

श्रोतेहो, हा उंदीर मला फार मोलाचा वाटतो. आग कोणाच्या दुष्टपणानें लागते असें तें पत्र म्हणत नाहीं. ती कशी जाते, कोणत्या वाटेनें जाते, हें तें पाहतें. जो मनुष्य कोट्यवधींच्या राज्याची मसलत करतो तोच वातीच्या मागें उंदराच्या बिळापर्यंत जातो.

हीच दृष्टि पुढें रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत दिसते. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांतील हा ग्रंथ. गडावर दारूखाना कोठें असावा, याचा त्यांत खुलासा आहे. तो राहत्या घरांच्या जवळ नसावा. सदरेपासून अंतरावर असावा. भोंवतीं निर्गुडीसारख्या झाडांचें दाट कुंपण असावें. दारू तळघरांत गच करून, माच घालून तिच्यावर ठेवावी. आठांपंधरा दिवसांनीं बाहेर काढून तिला ऊन द्यावें. आणि परवानगीवांचून कोणास आसपास फिरकूं देऊं नये. स्फोटक वस्तु घराच्या व्यवहारांत ठेवावयाची तर जागा, अंतर, हवा, तपासणी आणि राखण ह्या पांच गोष्टी लागतात, हें आमच्या लोकांस तीनशें वर्षांपूर्वीं लिहून ठेवावेंसें वाटलें. हीं पांच नांवें आपण लक्षांत ठेवावीं. त्यांची गरज पुढें पडणार आहे.

त्यानंतर दीडशें वर्षें चुलीच्या इतिहासांत विशेष कांहीं घडलें नाहीं. आगकाडी आली आणि शेजारणीकडून विस्तव मागून आणण्याची चाल मागें पडली. इंग्लंडांत १८२६ सालीं जेम्स शार्प यानें वायूवर चालणाऱ्या चुलीचें पेटंट घेतलें. मुंबईचे रस्ते १८६५ सालीं वायूच्या दिव्यांनीं उजळले. वेल्ह्यास ह्या गोष्टींची वार्ताही नव्हती.

खरा पालट रॉकेलनें केला. स्वीडनमध्यें १८९२ सालीं लिंडक्विस्ट यानें प्रायमस स्टोव्ह काढला आणि कांहीं दशकांत तो पुण्यामुंबईच्या चाळींतून, पुढें तालुक्याच्या गांवांतून फरफरूं लागला. त्याची रचना सांगावयासारखी आहे. टांकींतील तेलावर पंपानें हवेचा दाब द्यावयाचा. दाबानें तेल वरच्या नळींत चढतें. वरचें तोंड आधीं स्पिरिट जाळून तापविलेलें असतें, तेथें तेलाची वाफ होते आणि ती सुईच्या टोंकाएवढ्या छिद्रांतून बाहेर येऊन निळी जळते. तोंड पुरतें तापण्यापूर्वीं पंप मारला तर वाफेऐवजीं तेलच उसळतें. छिद्र तुंबलें आणि पंप चालूच राहिला तर दाब वाढतो. जळत्या किंवा गरम स्टोव्हांत तेल ओतलें तर काय होतें तें सांगावयास नको. चुलीचा विस्तव आपल्या जागीं बसून असे; स्टोव्हचा विस्तव दाबाखालीं कोंडलेला होता. आणि हा कोंडलेला विस्तव आपण कोठें मांडला? जमिनीवर, पदराच्या पातळीवर, मुलें रांगतात तेथें, बहुधा दाराच्या आड.

'स्टोव्हचा भडका उडून' हे शब्द मराठी वर्तमानपत्रांत मग इतके नेहमींचे झाले कीं वाचणारा पुढच्या ओळीवर जाई. त्यांतील प्रत्येक भडका स्टोव्हचा नव्हता, हेंही येथें स्पष्ट सांगितलें पाहिजे. कित्येक घरांत सुनेच्या मृत्यूवर घालावयाचें पांघरूण म्हणून हे शब्द वापरले गेले; १९८३ आणि १९८६ सालीं फौजदारी कायद्यांत सासरच्या छळाविषयीं आणि हुंडाबळींविषयीं जीं कलमें आलीं त्यांच्यामागें अशा असंख्य बातम्या होत्या. परंतु खोटें कारण लोकांस पटे, तें खरीं कारणें तितकींच असत म्हणून.

चुलीच्या धुराकडेही ह्याच काळांत विचारी माणसांचें लक्ष गेलें. १९३४ सालीं अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला, वर्ध्याची मगनवाडी त्याचें केंद्र झाली, आणि धुराडें असलेली मगन चूल तेथूनच स्वातंत्र्याच्या सुमारास प्रसिद्धीस आली. १९८३ सालीं सरकारनें सुधारित चुलींचा देशव्यापी कार्यक्रम हातीं घेतला. पुण्याच्या आरती ह्या संस्थेनें कुंभारांना अशा चुली घडविण्याचें शिक्षण दिलें. चुली वाईट नव्हत्या. परंतु धुराडें काजळीनें भरतें, तें काढून झाडावें लागतें. गवती छपरांतून तें वर नेलें तर भोंवतालचें गवत तापतें. आणि बांधणारा गवंडी चूल बांधून दुसऱ्या दिवशीं पुढच्या गांवास जातो. वस्तु पोंचली, मांडणी पोंचली नाहीं, असें त्या काळाबद्दल म्हणावें लागतें.

आतां वायूच्या टांकीकडे वळूं. मुंबईंत १९५५ सालीं बर्मा-शेल कंपनीनें नळकांड्यांत कोंडलेला स्वयंपाकाचा वायु विकण्यास प्रारंभ केला. पुढें ह्या व्यवसायाचें राष्ट्रीयीकरण झालें, आणि २०१६ सालीं निघालेल्या उज्ज्वला योजनेमुळें तांबडी टांकी डोंगरांतल्या वाड्यावस्त्यांपर्यंत गेली. धूर गेला, फुंकणी गेली. ह्या उपकाराचें मोल मी मुळींच कमी लेखीत नाहीं. घरगुती टांकींत १४.२ किलो वायु असतो, आणि तोही दाबानें द्रवरूप केलेला. हा द्रव बाहेर येऊन वायुरूप झाला कीं सुमारें अडीचशेंपट जागा व्यापतो. हवेंत त्याचें प्रमाण शेंकडा सुमारें दोन ते नऊ यांच्या दरम्यान असलें कीं एका ठिणगीनें तो पेटतो. त्याला स्वतःचा वास नाहीं. आपणांस जो उग्र वास येतो तो मुद्दाम मिसळलेल्या द्रव्याचा. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी कीं तो हवेहून दीड ते दोन पट जड आहे.

ह्या एका गुणानें मावळच्या घराचें सगळें शहाणपण उलटें झालें. धुराचा धर्म वर जाण्याचा. ह्या वायूचा धर्म खालीं बसण्याचा. त्या घरांत वाट ठेवलेली आहे ती वर, छपरांत. खालीं आहे तो चांगला वीतभर उंचीचा उंबरठा. पावसाचें पाणी आंत येऊं नये म्हणून घातलेला हाच उंबरठा गळलेला वायु आंत अडवून धरतो, जसें ताटलींत पाणी राहावें. आणि खोलीच्या त्याच तळाशीं, जमिनीवर, चूल धगधगत असते. विस्तव खालीं आणि वाट वर, हा जुना नियम. विस्तव वर आणि वाट खालीं, हा नवा. नियम कां बदलला हें त्या घरांत कोणी जाऊन सांगितलें काय?

तोरण्याखालच्या एका वाडींत मी असें एक घर पाहिलें. टांकी चुलीपासून तीन हातांवर, आणि तिच्यावर पितळी डबा ठेवलेला. शेगडी जमिनीवरच पाटावर. रबरी नळी चुलीच्या बाजूनें वळसा घालून आणलेली. भाकरी आणि आंघोळीचें पाणी चुलीवर, चहा आणि भाजी शेगडीवर, असा दोन्ही विस्तवांचा संसार एका खोलींत चाललेला. टांकी भरून आणावयास पैसा लागतो, जळण डोंगरांत मिळतें. तेव्हां दोन्ही ठेवण्यांत त्या घराची कांहीं चूक होती असें मला वाटत नाहीं. घरांतल्या वृद्ध बाईंना मीं भीतभीतच विचारलें कीं, "आजी, ह्याची भीति नाहीं वाटत?" त्या म्हणाल्या, "चुलीतला इस्तू दिसतो, बाबा. ह्या टाकीतला दिसत न्हाय. मग त्याला भ्यायचं कसं?"

शहरांतील सुशिक्षित घरांनीं ह्या उत्तरावर हंसण्याचें कारण नाहीं. आपल्याकडे चार शेगड्यांची, खालीं भट्टी असलेली झकपक रेंज येते, आणि ओट्याखालच्या झांकबंद कपाटांत टांकी डांबली जाते. अमात्यांनीं दारू तळघरांत ठेवावयास सांगितली होती. वायूच्या टांकीस तो नियम लावणें म्हणजे घात होय. टांकी जमिनीच्या पातळीच्या खालीं कधींही नसावी, आडवी नसावी, आणि कपाटांतच ठेवावयाची तर कपाटाच्या तळाशीं हवेला मोकळीं भोंकें हवीं. शेगडीची पातळी टांकीच्या डोक्याहून वर असावी. शेगडी खिडकीच्या ऐन समोर नको, नाहींतर वाऱ्यानें ज्योत विझते आणि वायु मात्र येत राहतो. चुलीचें तोंड दाराकडे करूं नये, ही आजीबाईंची शिकवण येथें जशीच्या तशी लागू पडते. नळी दीड मीटरहून लांब नसावी, तिला सांधा नसावा, ती भिंतींतून आरपार नेऊं नये. आणि तारेचें अस्तर असलेली उत्तम नळीसुद्धां पांच वर्षांनीं बदलावी. ती बदलण्याची तारीख घरांतील कोणास पाठ असते? मी माझ्याच घरीं पाहिली, तेव्हां ती उलटून दोन वर्षें झालीं होतीं.

भट्टीच्या रेंजविषयीं दोन शब्द अधिक बोलले पाहिजेत. ती जमिनीवर उभी राहणारी वस्तु आहे. तिचे पाय फिरवून ती समतल करावी. तव्यावर पाणी घालून पाहिलें तर कलणें ताबडतोब कळतें. भट्टीचें दार खालीं उघडतें, आणि त्यावर जड भांडें टेकलें किंवा एखादें मूल चढलें तर सबंध रेंज पुढें कलंडते. म्हणून मागील बाजूस ती भिंतीशीं पट्टीनें जखडतात. ही पट्टी खोक्यांत येते आणि पुष्कळदां खोक्यांतच राहते. नळाच्या वायूची आणखी एक गंमत आहे. पुण्यामुंबईच्या पुष्कळ घरांत आतां टांकीऐवजीं नळानें वायु येतो. हा नैसर्गिक वायु हवेहून हलका, म्हणून तो छताशीं सांचतो, आणि वाट पुन्हां वर ठेवावी लागते. शिवाय टांकीच्या वायूसाठीं केलेल्या शेगडीचीं छिद्रें ह्या वायूस बारीक पडतात. तीं जाणत्या माणसाकडून बदलून घेतल्यावांचून शेगडी जोडूं नये. म्हणजे मावळचें सानें तीन पिढ्यांनंतर शहरांत परत आलें म्हणावयाचें!

त्या वाडींतल्या घरीं पुढें काय झालें तें सांगून मी रजा घेतों. घरचा मुलगा हुशार होता. चूल तिच्या जागीं राहूं दिली. टांकी आणि शेगडी पुढल्या पडवींत नेली, कारण पडवीला अंगणाकडे दार होतें आणि उंबरठा बुटका होता. शेगडीसाठीं दोन जोत्यांवर शहाबादी फरशी टाकून कमरेइतका ओटा केला. पडवीच्या भिंतींत अगदीं जमिनीलगत वीतभर झरोका फोडला आणि विंचूकाट्याच्या भयानें त्यावर जाळी ठोकली. म्हाताऱ्या बाईंना तो झरोका मुळींच पटला नाहीं. वाट वर ठेवायची सोडून खालीं कशाला, असें त्यांनीं दोनदां विचारलें, आणि दोन्ही वेळां मीं सांगितलेलें कारण त्यांनीं मान हलवून ऐकून घेतलें.

मग नळी जोडली. चूल त्या दिवशीं थंड ठेवली होती. वाटींत साबण कालवून मुलानें तो फेंस नळीच्या दोन्ही तोंडांना लावला आणि टांकीची कळ उघडली. टांकीकडच्या तोंडाशीं कांहीं झालें नाहीं. शेगडीकडच्या तोंडाशीं एक लहानसा बुडबुडा फुगला, फुटला, आणि त्याच जागीं दुसरा फुगूं लागला. म्हाताऱ्या बाई डोळ्यांवर हात धरून वांकल्या आणि म्हणाल्या, "हां, आत्ता दिसला."